बारकीचे पाहुणे आणि माझं कुलूप

ती माझी सख्खी धाकटी बहीण. मी थोरला. आमच्यात सात वर्षांचं अंतर आहे, आणि अकलेचं किती आहे ते लोकांनी ठरवावं. मी सांगायला गेलो तर म्हणाल, बघा, लागला स्वतःची टिमकी वाजवायला. घरात तिला सगळे बारकी म्हणायचे, मी अजूनही म्हणतो. बावन्न वर्षांची झाली म्हणून काय झालं? बारकी ती बारकीच.

आमचं घर दोन मजली. खाली माझं कुलूप-किल्लीचं दुकान, दुकानामागे माझी खोली. वरचा मजला बारकीचा. वर जायचा जिना बाहेरून, माझ्या दुकानाच्या दाराला चिकटून. म्हणजे वर जाणारा माणूस माझ्या नजरेतून गेल्याशिवाय वर जाऊच शकत नाही. हे मुद्दाम केलेलं नाही, पण सोयीचं आहे.

मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढे शाळेला मी परवडलो नाही. पण आज या गल्लीत असं एक दार दाखवा ज्याला माझा हात लागलेला नाही. बारकीला मात्र मी शिकवली. शिकवली म्हणजे, शिकू दिली. तिच्या आड आलो नाही, ही काय लहान गोष्ट आहे का? ती एका मोठ्या हॉटेलात टेलिफोनवर बसायची. अठरा वर्षं. जगातून कुठूनही फोन येवो, बारकी इंग्रजीत अशी बोलायची की समोरच्याला वाटावं, ही बाई आपल्याच शेजारी राहते. मग हॉटेल बंद पडलं. दोन वर्षं बारकी घरात होती आणि नव्हतीही. काही विचारलं तर मान हलवायची. ज्या बाईचा आवाज म्हणजे तिची भाकरी, तिचा आवाजच गेला होता. लग्नाचं म्हणाल तर तिने केलं नाही, आणि तो विषय मी एकदाच काढला होता. तेव्हा तिच्या हातात उलथनं होतं.

तिसऱ्या वर्षी तिने मला न विचारता एक गोष्ट केली. गावात इंग्रजी शिकवणारी एक शाळा आहे, परदेशातून लोक येतात तिथे. ते लोक कुणाच्या तरी घरी राहतात, म्हणजे दिवसभर शाळेत शिकायचं आणि संध्याकाळी घरात बोलायचं. शाळेकडे अशा घरांची यादी असते. बारकीने त्या यादीत नाव घातलं.

"अगं, ओळख ना पाळख, माणसं घरात घेणार?"

"दादा, तू रोज अनोळखी लोकांना किल्ल्या करून देतोस."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मी एका गिऱ्हाइकाची किल्ली घासायला घेतली.

तिची पद्धत मात्र मानली पाहिजे. रात्रीच्या जेवणाला टेबलावर फक्त इंग्रजी. पाहुण्याने दिवसभरातल्या तीन गोष्टी सांगायच्या, कशाही सांगू दे, मोडक्यातोडक्या. बारकी चूक काढत नाही. ती तेच वाक्य नीट करून, जणू आपलंच आहे अशा थाटात परत म्हणते आणि पुढे जाते. समोरच्याला लाज वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून ते वाक्य नीट येतं. शाळेतल्या मास्तरांना हे जमत नाही, मी सांगतो. माझ्या मास्तरांना जमलं असतं तर मी आज कुठे असतो!

मीही वरच जेवतो. टेबलावर इंग्रजी चालू असतं तेव्हा मी मुका. पण मुका माणूस जास्त बघतो, हे लक्षात ठेवा.

चार वर्षांत सोळा पाहुणे आले. बारकीचा आवाज परत आला, जिन्यातून खालपर्यंत हसणं ऐकू यायचं. आणि मी प्रत्येकावर नजर ठेवली. कुणीतरी ठेवायलाच हवी. एक मुलगी होती, सारखी शिंकायची. ती बाहेर पडली की मी दुकानातून विचारायचो, "वेअर गो?" एवढंच. दोन शब्द. तिने जाऊन शाळेत लेखी तक्रार दिली की खालचा माणूस चौकशा करतो. मग शाळेची बाई आली. तिला आम्ही यादीवाली म्हणतो. घरं तपासणं हेच तिचं काम. हातात कागद, प्रत्येक ओळीपुढे चौकोन. तिने बारकीला बजावलं, ही पहिली तक्रार. दुसरी आली की घर यादीतून बाद.

ती गेल्यावर बारकी खाली आली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"दादा, मला परत त्या दोन वर्षांत जायचं नाहीये. एवढंच लक्षात ठेव."

मी ठेवलं. पण डोळे काही काढून ठेवता येत नाहीत.

तर अशात हा आला. सतरावा. मी त्याचं नाव वहीवाला ठेवलं. आता विद्यार्थी म्हटलं की तुम्हाला वीस-बावीसचं पोर दिसतं की नाही? हा पन्नाशीचा! केस पांढरे, अंगाने काडी, एकच पिशवी आणि ती अशी करकचून बांधलेली की मला वाटलं आत काहीतरी जिवंत आहे. बारकी म्हणाली, तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे, वरच्या हुद्द्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचीय.

"स्वयंपाकी? एवढा बारीक?"

"मग काय, रोज स्वतःच खात बसतो का?"

"बारके, ज्याचं अन्न त्याच्याच अंगाला लागत नाही, ते दुसऱ्याच्या काय लागणार?"

"हातांवर भाजल्याच्या खुणा बघ."

खुणा होत्या. मीही बघितल्या होत्या. पण भाजायला काय, चुलीनेच भाजतं असं थोडंच आहे? तिजोरी कापायच्या मशिनीनेही भाजतं. माझा जन्म या धंद्यात गेला आहे.

आता मी काय काय पाहिलं ते सांगतो, तुम्हीच ठरवा. जिना चढताना हा माणूस ओठांतल्या ओठांत मोजायचा. रोज. एकदा तर डोळे मिटून, भिंतीला हात लावत उतरला. पहिल्याच दिवशी त्याने प्रत्येक खिडकी उघडून बघितली, कुठल्या बाजूला उघडते ते. सकाळी चहाला मी वर गेलो की हा स्वयंपाकघरात, एकेका कपाटाच्या दाराला हात लावत फिरतोय. उघडायचा, मिटायचा, दाबून बघायचा. जेवताना ताटाखाली ओला फडका पसरायचा.

"हे कशाला?" मी बारकीला विचारलं.

"ताट सरकू नये म्हणून. जहाज हलतं ना."

"टेबल हलतंय का आपलं?"

"दादा, सवय असते माणसाची."

"सवय! बोटांचे ठसे पुसतोय तो."

"स्वतःच्या ताटावरचे?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हसू दे. साधीभोळी माणसं हसतात म्हणून तर थोरले भाऊ लागतात.

आणि ती वही. निळी, लहान, शर्टाच्या खिशात मावेल अशी. घड्याळाकडे बघायचा आणि लिहायचा, सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर. बारकी पिशवी घेऊन निघाली की घड्याळ बघ, लिही. मी दुकान उघडलं की लिही. एकदा मी मुद्दाम दुकानाचं दार उघडून परत लावलं. तर पठ्ठ्याने तेही लिहिलं!

त्याच आठवड्यात बारकी मला म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ढिली झालीय. पाहुण्याने दाखवलं मला. बसवून दे."

"मी बसवलेली कडी ढिली होत नाही."

"झालीय."

"भिंत हलली असेल."

ती खिडकी जिन्याच्या वरच्या टप्प्यावर उघडते. कडी मी स्वतः बसवलेली, बारा वर्षांपूर्वी, पितळी. आणि ती ढिली आहे हे कळलं कुणाला? तर वहीवाल्याला. मी विचारतो, कुलूपवाल्याच्या घरातली ढिली कडी शोधायला कोण जातं?

एका सकाळी तो आंघोळीला गेला आणि वही टेबलावर राहिली. मी वही चोरली नाही. एका पानाचा फोनवर फोटो काढला, बस. फोटो काढल्याने वही कमी होत नाही. छापील इंग्रजी मला येतं, कुलपांच्या खोक्यांवर तेच असतं. पण हातचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून समोरच्या औषधवाल्याकडे गेलो. तो डॉक्टरांचं अक्षर वाचतो, त्याला काय अवघड आहे?

औषधवाल्याने चष्मा वर केला. "साडेचारला बाई बाजारात जातात. साडेपाचपर्यंत घर रिकामं असतं."

मी काउंटरवर वाकलो. "पुढे?"

"माझ्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत अकरा पावलं. जिन्याला चौदा पायऱ्या."

"पंधरा आहेत. लेकाला मोजताही येत नाही. पुढे?"

"स्वयंपाकघराची खिडकी बाहेर उघडते. तिची कडी नीट बसत नाही." औषधवाला थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली बाईंचा भाऊ असतो. दोन ते तीन तो खुर्चीत झोपतो."

"झोपत नाही! डोळे मिटून विचार करतो."

"मला काय सांगताय, मी नाही लिहिलं."

"हे सगळं काय वाटतं तुला?"

"अभ्यास वाटतो. शाळेत सांगितलं असेल, घराचं वर्णन करा म्हणून."

औषधवाला गोळ्या चांगल्या देतो, पण माणसांची पारख त्याला नाही.

बारकीला सांगून उपयोग नव्हता. आणि दोन दिवसांनी यादीवाली येणार होती, वर्षातून एकदा येते तशी. तिच्या आधी चोरी झाली तर? मी ठरवलं, आपल्या हातात जे आहे ते करायचं. बाहेरच्या दाराचं कुलूप बदलायचं. माझ्याकडे एक ठेवणीतलं होतं, आत पाच खिट्ट्या, वजनाला भरभक्कम, दार लागलं की आपोआप बंद. तसलं कुलूप उघडून दाखवणाऱ्याला मी माझं दुकान लिहून देईन. किल्ल्या दोन. एक बारकीला, एक मला. वहीवाल्याला वही आहेच.

यादीवाली यायच्या आदल्या दिवशी साडेचारला बारकी बाजाराला निघाली आणि मी हत्यारं घेऊन वर गेलो. ती जिन्यातच भेटली.

"काय रे, कडी बसवतोस का? देव पावला!"

"दाराचं काम आहे," मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

"बरं, वर आहेसच तर एक कर. बटाटे उकडायला ठेवलेत. दहा मिनिटांनी गॅस बंद कर. करशील ना?"

"मला काय लहान समजतेस?"

आता एक सांगतो. माणूस कामात बुडाला की त्याला जग दिसत नाही, आणि मी कुलूप बसवायला घेतलं की पार बुडतो. जुनं काढलं, लाकूड कोरलं, नवं बसवलं, तेल दिलं. असं गप्पकन मिटलं दार की मन भरून आलं. चार वेळा उघडून मिटून बघितलं. मग हत्यारं गोळा केली, दार ओढलं, आणि खाली येऊन खुर्चीत बसलो. विचार करत.

पावलं वाजली तेव्हा डोळे उघडले. वहीवाला शाळेतून आला होता. मी त्याला वर जाताना बघितलं आणि मनात म्हटलं, जा बाळा, लाव किल्ली. वर किल्लीचा खडखडाट झाला. परत झाला. मला हसू येत होतं, कशाला लपवू? मग तो धडधडत खाली आला. तोंड लाल. इंग्रजीत ओरडतोय, हातवारे करतोय, दाराकडे बोट, नाकाकडे बोट. "की! की!" एवढं मला कळलं.

"नो की," मी म्हणालो. आणि खिशावर हात ठेवला.

त्याने माझ्याकडे एकदा असं बघितलं, जसं बंद दुकानाकडे बघतात. वळला आणि वर पळाला. मीही मागे निघालो, म्हटलं, आता हा दार फोडणार. अर्ध्या जिन्यात मला वास आला. जळका. आणि बटाटे आठवले.

उरलेल्या पायऱ्या धावतच चढलो. वरच्या टप्प्यावर पोचलो तर खिडकी सताड उघडी आणि माणूस नाही. आतून काळा धूर. किल्ल्यांचा जुडगा काढला. तीस वर्षं किल्ल्या करणाऱ्या माणसाला स्वतःची किल्ली भोकात घालता येईना. शेवटी दार उघडलं, आत शिरलो. वहीवाला गॅसपाशी. गॅस बंद केलेला, पातेल्यावर ओला फडका टाकलेला, भिंतीवरचं पुसणं पेटलं होतं ते खाली पाडून पायाने चिरडत होता. खिडकीच्या कट्ट्यावर चमचा पडला होता. त्या चमच्याच्या दांड्याने त्याने माझी पितळी कडी उघडली होती. किती वेळात? एक मिनिटही नाही लागलं.

आणि मी काय म्हणालो असेन? बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. मी म्हणालो, "पकडला! चोर!"

मागे बारकी उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या. तिने छताकडे बघितलं, काळं झालं होतं. पातेल्याकडे बघितलं. मग दाराकडे, कुलपाकडे. मग माझ्याकडे.

"याला किल्ली दिली नव्हतीस?"

मी वहीचं सांगितलं. बाजाराची वेळ, पावलं, पायऱ्या, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिने वहीवाल्याला काहीतरी विचारलं, त्याने वही पुढे केली. प्रत्येक पानाखाली मास्तरांची लाल शाईतली सही.

"रोज दहा वाक्यं लिहायची असतात, ज्या घरात राहतो त्याच्यावर," बारकी म्हणाली. "आणि पायऱ्या तो मोजतो कारण एकदा जहाजावर आग लागली होती, धुरात काही दिसत नव्हतं. तेव्हापासून कुठेही राहायला गेला की आधी बाहेरची वाट मोजून ठेवतो. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं त्याने. टेबलावर. तू समोर बसला होतास."

समोर बसलो होतो, पण मुका होतो ना.

"पाहुण्याला स्वतःची किल्ली, हा यादीतला पहिला चौकोन आहे, दादा. ती बाई उद्या नऊला येणारेय. पाहुण्याला एकट्याला विचारते."

"मग सांग त्याला, काही बोलू नको म्हणून."

"मी माझ्या पाहुण्यांना इंग्रजी शिकवते," ती म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलायला नाही शिकवत."

आणि पिशव्या रिकाम्या करायला लागली. जेवताना वहीवाल्याने त्याच्या तीन गोष्टी सांगायला तोंड उघडलं, तर तिने एकही वाक्य परत म्हटलं नाही, नुसती मान हलवली. ती गप्प मान मला ओळखीची होती. दोन वर्षं बघितलीय मी ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दुकान उघडलं आणि किल्ली घासायला बसलो. मशीन नाही लावली; हाताने, कानशीने. सातला वर गेलो. वहीवाला छत पुसत होता, स्टुलावर चढून. मी किल्ली पुढे धरली. त्याने ती दारात तीनदा फिरवून बघितली. मग माझ्याकडे बघून मान हलवली, एक कारागीर दुसऱ्याला बघून हलवतो तशी, आणि शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं.

यादीवाली नऊच्या ठोक्याला आली. छत बघितलं, खिडकी बघितली. टेबलाशी बसली आणि आम्हाला बाहेर जायची खूण केली. बारकी उठली. मी नाही उठलो.

तिने वहीवाल्याला विचारलं, किल्ली? त्याने खिशाचं बटण काढून दाखवली. तिने आणखी काहीतरी विचारलं. केव्हापासून, असंच असणार, कारण त्याने आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग दारात उभ्या बारकीकडे. माणूस खोटं बोलणार नव्हता. हेही मला तेव्हाच कळलं.

मी खुर्ची मागे सारली आणि उभा राहिलो. चार वर्षांत त्या टेबलावर मी इंग्रजीचा एक शब्द बोललो नव्हतो, पण हे वहीवाल्यालाही कळायला हवं होतं.

"लॉक, आय पुट," मी म्हणालो. "ही, की, नो. फायर, आय. सिस्टर नो."

  मग दारातून बारकीने तेच वाक्य परत म्हटलं. नीट करून, सावकाश, जणू तिचंच आहे. तिने एकही शब्द गाळला नाही, माझी चूक लहानही केली नाही. पण आवाज तिचा होता, टेलिफोनवरचा.

यादीवालीने कागदावर पेन टेकवलं. तेवढ्यात वहीवाला लांबलचक काहीतरी बोलला आणि बारकीला हसू फुटलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, जहाजावर नवा माणूस आला की सगळ्यात जुना माणूस महिनाभर त्याच्यावर डोळा ठेवतो. तो तक्रार करणार नाही. त्याला इथेच राहायचंय."

यादीवालीने बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, मी वाकून बघितलं तरी. मग बारकीला तिने मराठीत वाचून दाखवलं: घर यादीत राहील. कडी आजच्या आज बसवायची. आणि पाहुण्याच्या कुठल्याही दाराला खालच्या गृहस्थांनी न विचारता हात लावायचा नाही.

"गृहस्थ," मी म्हणालो. "बघितलंस? गृहस्थ म्हणाली."

"दादा, आधी कडी," बारकी म्हणाली.

हत्यारं आणायला मी निघालो, तेव्हा वहीवाला शाळेला निघाला होता. तो पुढे, मी मागे. तो इंग्रजीत मोजत उतरत होता. ज्याला माझी कडी चमच्याने उघडता येते तो माणूस साधा नव्हे, हे माझं मत आजही कायम आहे, म्हणून मीही मागून मोजत गेलो. चौदा. इतकी वर्षं मी खालची दुकानाची फरशीही पायरीत धरत होतो.

हे मी औषधवाल्याला सांगितलं नाही. पेचकस घेऊन परत वर आलो आणि कडीला लावला. लावायचं कारणच नव्हतं. दोन्ही स्क्रू बोटानेच निघाले.